किमती मोटारींच्या टायरची छुपी झीज

रावेरहून बऱ्हाणपूरकडे किंवा सावदा-फैजपूरमार्गे चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळीच्या ट्रकांच्या जोडीने आता किमती मोटारीही धावतात. अशा मोटारीचा टायर बाहेरून नवा दिसत असतानाही आतल्या कडेला पार झिजलेला असू शकतो. ते वेळीच ध्यानात आले नाही, तर भर वेगात टायर फुटण्याचा धोका असतो.

बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. वळण्याचे काम आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच असल्याने पुढचे टायर आधी झिजतात. दर ८ ते १० हजार किलोमीटरनंतर पुढचे टायर त्याच बाजूला मागे आणि मागचे तिरपे पुढे घेतले, की झीज सारखी होते. यालाच रोटेशन म्हणतात.

किमती मोटारींना हा हिशेब सरसकट लागू पडत नाही. बीएमडब्ल्यू, मर्सिडीजच्या अनेक मॉडेलांत मागचे टायर पुढच्यांहून रुंद असतात; त्यांची पुढे-मागे अदलाबदल होतच नाही. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो रिमवरून उतरवल्याखेरीज दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या मोटारींत मात्र रोटेशन टाळणे महागात पडते, कारण टायरच्या झिजेतील तफावतीचा ताण थेट गिअरच्या यंत्रणेवर येतो. शिवाय वळणावर पकड राहावी म्हणून अनेक वेगवान मोटारींची चाके वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात. भार आतल्या कडेवर पडतो आणि झीजही तेथेच, नजरेआड होते.

दोन्ही कडा झिजल्यास हवा कमी, मध्यभाग झिजल्यास हवा जास्त, असे समजावे. एकच कडा गेली असेल किंवा नक्षीवर हात फिरवताना करवतीसारखे दाते लागत असतील, तर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे. तो दोष तसाच ठेवून केलेले रोटेशन व्यर्थ. दुसरा टायरही त्याच जागी झिजतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. ती आतल्या कडेलाही मोजावी.

जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापमान ५ ते ६ अंशांनी वाढले, की टायरमधील दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असतानाच मोजावी. दुपारी धावून आलेल्या टायरमधील ‘जादा’ हवा काढली, तर पहाटे तोच टायर कमी हवेचा ठरतो.