गर्भाशयोच्छेदनोत्तर स्वास्थ्यलाभ : ऐतिहासिक आढावा

गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्याच्या क्रियेस गर्भाशयोच्छेदन असे म्हणतात. मराठी बोलीत यालाच ‘पिशवी काढणे’ म्हणतात. तंत्वार्बुदे (स्नायू व तंतुमय ऊतकांच्या कर्करोगविरहित गाठी), अतिरिक्त ऋतुस्राव, गर्भाशयभ्रंश (अंग बाहेर येणे) आणि गर्भाशयाचा किंवा त्याच्या ग्रीवेचा कर्करोग ही या शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. ग्रीवा ठेवून केवळ वरचा भाग काढल्यास ती अंशतः, ग्रीवेसह संपूर्ण गर्भाशय काढल्यास पूर्ण आणि भोवतालच्या ऊतकांसह काढल्यास व्यापक शस्त्रक्रिया समजतात. अंडकोश काढणे ही वेगळी क्रिया असून ती याच वेळी केली जातेच असे नाही. शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्रवैद्यांच्या कौशल्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. शस्त्रक्रियेनंतर स्त्री पूर्ववत कशी होते, तिला किती दिवस निजवून ठेवावे, तिच्या मनाचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे मात्र काळानुसार पुष्कळच बदलत गेली. त्या बदलांचा आढावा येथे घेतला आहे.

प्राचीन कल्पना : ग्रीक भाषेत गर्भाशयाला ‘हिस्टेरा’ हा शब्द असून ‘हिस्टेरिया’ (उन्माद) ही संज्ञा त्यावरूनच आली. गर्भाशय शरीरात भटकते व त्यामुळे स्त्रियांना श्वासावरोध, झटके आदी विकार होतात, अशी समजूत हिपॉक्राटीझ यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांत आढळते. इ. स. दुसऱ्या शतकातील एफेससचे वैद्य सोरेनस यांनी गर्भाशय हा स्वैर हिंडणारा प्राणी नव्हे, असे प्रतिपादन केले. बाहेर आलेले गर्भाशय कापून काढले, तरी स्त्री जिवंत राहू शकते, असेही त्यांनी नमूद केले. तथापि स्त्रीचे मन व स्वभाव गर्भाशयावर अवलंबून असतात, ही समजूत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. स्वास्थ्यलाभाच्या पुढील इतिहासावर तिची छाया पडलेली दिसते.

जीव वाचवण्याचा काळ : उदर उघडल्यानंतर रुग्ण वाचू शकतो, याचा पडताळा प्रथम अंडकोशावरील शस्त्रक्रियेने आला. अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल येथे इफ्रेम मॅकडॉवेल यांनी १८०९ साली जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या अंडकोशाची सुमारे दहा किग्रॅ. वजनाची गाठ संवेदनाहरणाशिवाय काढली. पाचव्या दिवशी ही स्त्री स्वतःचे अंथरूण आवरताना डॉक्टरांना आढळली. पंचवीस दिवसांनी ती घरी परतली आणि त्यानंतर तीसहून अधिक वर्षे जगली. जर्मनीतील गटिंगेन येथे कोनराट लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये योनिमार्गातून गर्भाशय काढले. त्यांच्या या वृत्तांतावर समव्यवसायींचा विश्वास बसला नाही. रुग्ण स्त्री सव्वीस वर्षांनी मरण पावल्यावर शवपरीक्षेत गर्भाशय नसल्याचे दिसले, तेव्हाच त्यांचे म्हणणे मान्य झाले.

उदरमार्गे केलेले पहिले गर्भाशयोच्छेदन मँचेस्टर येथील चार्ल्स क्ले यांनी १८४३ साली केले, परंतु रुग्ण दगावली. पुढील वर्षीची त्यांची रुग्ण दोन आठवडे सुधारत होती. तिला उचलताना ती खाली पडली व त्यानंतर मरण पावली, असे वृत्तांतांत सांगितले आहे. शस्त्रक्रिया निभावली तरी शुश्रूषेत जीव जाऊ शकतो, याचे हे आरंभीचे उदाहरण होय. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात लोएल येथे वॉल्टर बर्नम यांनी १८५३ साली केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मात्र रुग्ण वाचली. ईथर (१८४६) व क्लोरोफॉर्म (१८४७) यांच्यामुळे वेदनेवर आणि जोसेफ लिस्टर यांच्या पूतिरोधक पद्धतीमुळे (१८६७) जंतुसंसर्गावर हळूहळू ताबा आला. विसाव्या शतकात रक्तगटांचे ज्ञान, रक्ताधान, सल्फा औषधे व पेनिसिलीन यांची भर पडली. त्यामुळे कर्करोगेतर कारणांसाठी केलेली ही शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित झाली.

शय्याविश्रांती व तिचा त्याग : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापलेल्या गर्भाशयाचे बुड पोटात परत न सोडता जखमेच्या कडांशी बाहेरच अडकवून ठेवण्याची प्रथा होती. इटलीतील पाव्हिया येथे एडूआर्डो पोर्रो यांनी १८७६ साली सिझेरियन प्रसूतीबरोबरच गर्भाशय काढले, तेव्हा याच रीतीचा अवलंब केला. त्या खेपेस माता व बालक दोघेही वाचली. असे बुड सडून गळून पडेपर्यंत काही आठवडे जात आणि तोवर रुग्णाला उताणे पडून राहावे लागे. पुढे बुड पोटातच शिवून झाकण्याचे तंत्र रूढ झाले, तरी दीर्घ विश्रांतीची प्रथा मात्र तशीच राहिली. दोन-तीन आठवडे कुशीवर वळण्यासही परवानगी न देणे, पातळ आहार आणि मॉर्फीन ही त्या काळची सर्वसाधारण उपचारपद्धती होय. टाके उसवतील ही भीती तिच्यामागे होती. हालचाल बंद राहिल्याने पायांच्या नीलांत रक्त साखळते व त्याचा खडा फुप्फुसात जाऊन अचानक मृत्यू येऊ शकतो, हा धोका त्या भीतीपुढे दुर्लक्षित राहिला.

शिकागो येथील एमिल रीस यांनी १८९९ साली या प्रथेविरुद्ध मत मांडले. योनिमार्गे उदर उघडलेल्या रुग्णांना त्यांनी लवकर आहार दिला व थोड्याच दिवसांत उठवून चालवले. त्यांच्या या मताकडे चार दशके फारसे लक्ष दिले गेले नाही. डिट्रॉइट येथील डॅनियल लाइटहौझर यांनी शस्त्रक्रियेनंतर लवकर चालवण्याचा हिरिरीने पुरस्कार केला. दुसऱ्या महायुद्धात खाटा व परिचारिका यांची टंचाई पडल्याने रुग्णांना लवकर उठवणे भागच पडले आणि त्यापासून अपाय होत नसल्याचे दिसून आले. इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲशर यांनी १९४७ साली अंथरुणात पडून राहण्याच्या दुष्परिणामांवर लिहिलेला लेख या मतपरिवर्तनाचा निदर्शक मानतात.

अंडकोश व हॉर्मोने : अमेरिकन शस्त्रवैद्य रॉबर्ट बॅटी यांनी १८७२ पासून मानसिक व ‘चेताविकारां’साठी निरोगी अंडकोश काढण्यास सुरुवात केली. त्याचे अनुकरण अनेक देशांत झाले. व्हिएन्ना येथील एमिल क्नाउअर यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांनी (१८९६) अंडकोशातून आंतरिक स्राव होतो असे सूचित केले. १९२९ मध्ये ईस्ट्रोजेन वर्गातील पहिले हॉर्मोन शुद्ध स्वरूपात मिळाले. अंडकोश काढलेल्या तरुण स्त्रीला एकाएकी अंगाची आग होणे, घाम येणे, निद्रानाश व चिडचिड का होते, याचा उलगडा त्यामुळे झाला. नैसर्गिक ऋतुनिवृत्ती काही वर्षांत होते, शस्त्रक्रियेने ती काही दिवसांत होते. तरीही ‘पुढे कर्करोग नको’ या हेतूने गर्भाशयाबरोबर निरोगी अंडकोशही काढण्याची प्रथा विसाव्या शतकात दीर्घकाळ चालू राहिली. पंचेचाळीस वर्षे वयापूर्वी दोन्ही अंडकोश काढले आणि ईस्ट्रोजेन दिले नाही, तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृद्रोगाचा धोका वाढतो, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. आनुवंशिक जोखीम वा अन्य सबळ कारण नसल्यास अशा स्त्रीचे अंडकोश राखावेत, असा आता सर्वसाधारण कल आहे.

मानसिक परिणाम : या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास १९६० नंतर झाला. स्कॉटलंडमधील डंडी येथे एम्. जी. बार्कर यांनी १९६८ साली गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची तुलना पित्ताशय काढलेल्या स्त्रियांशी केली. मनोविकारासाठी तज्ञाकडे पाठवाव्या लागलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात अधिक निघाले. काढलेल्या गर्भाशयात लक्षणीय विकृती न सापडलेल्या स्त्रिया त्यांत विशेष होत्या. ऑक्सफर्ड येथील डी. एच्. रिचर्ड्‌स यांनी १९७३–७४ मध्ये या स्त्रियांतील अवसाद, थकवा व पूर्ववत वाटण्यास लागणारा दीर्घ काळ यांकडे लक्ष वेधले.

या अभ्यासांत एक उणीव होती. शस्त्रक्रियेपूर्वी त्या स्त्रियांची मनःस्थिती कशी होती, याची नोंद त्यांत नव्हती. डेनिस गॅथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भरून काढली. ऑक्सफर्ड येथे अतिरिक्त ऋतुस्रावासाठी शस्त्रक्रिया झालेल्या १५६ स्त्रियांच्या मुलाखती त्यांनी आधी व नंतर घेतल्या. त्यांच्या १९८२ च्या अहवालानुसार मानसिक विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ५८ टक्के होते, तर दीड वर्षानंतर ते २९ टक्क्यांवर आले. वर्षानुवर्षांच्या रक्तस्रावाने व वेदनेने खचलेल्या स्त्रीला या शस्त्रक्रियेने बहुधा दिलासाच मिळतो, असा याचा अर्थ होतो. अमेरिकेतील मेन राज्यात झालेल्या अभ्यासातही (१९९४) बहुसंख्य स्त्रियांची लक्षणे कमी झाली. मात्र काहींना नव्याने अवसाद व अंगाची आग यांचा त्रास सुरू झाला. ग्रीवा राखल्याने कामजीवन अधिक चांगले राहते ही समजूतही लंडनमधील तुलनात्मक चाचणीत (२००२) सिद्ध झाली नाही.

सारांश, गर्भाशय गेल्याने मन बिघडते हा जुना सिद्धांत टिकला नाही. तथापि अपत्याची इच्छा अपुरी राहिलेली असणे, आधीपासून मनोविकार असणे, अंडकोश अकाली जाणे आणि शस्त्रक्रियेचे कारण न समजणे यांमुळे काही स्त्रियांना खरोखरच दुःख सोसावे लागते. असे दुःख हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे.

आधुनिक पद्धती : हेरमान योहानेस फानेनश्टील यांचा ओटीपोटावरील आडवा छेद (१९००), योनिमार्गे शस्त्रक्रियेचे पुनरुज्जीवन आणि हॅरी राइख यांनी १९८८ साली अमेरिकेत प्रथम केलेले उदरदर्शकाच्या (दुर्बिणीच्या) साहाय्याने गर्भाशयोच्छेदन यांमुळे जखम उत्तरोत्तर लहान होत गेली. डेन्मार्कमधील हेन्‍रिक केलेट यांनी १९९० नंतर वेदनाशमन, लवकर आहार व लवकर चालणे यांची एकत्रित योजना मांडली. स्त्रीरोगशास्त्रासाठी तिची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ साली प्रसिद्ध झाली.

उदरछेदानंतर पूर्ववत होण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. योनिमार्गे वा दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हा काळ कमी असतो. तरीही योनीच्या वरच्या टोकाची आतील जखम बाहेरून दिसत नसल्याने सुमारे सहा आठवडे जड वस्तू उचलणे व समागम टाळण्यास सांगतात. ताप, दुर्गंधी वा वाढता रक्तस्राव, मूत्र सतत झिरपणे, पोटरी सुजणे किंवा दम लागणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने वैद्यकीय साहाय्य घ्यावे लागते. काही आठवडे टिकणारा थकवा व अकारण रडू येणे हे पुष्कळ स्त्रियांत आढळते व बहुधा आपोआप ओसरते. उदासीनता टिकून राहिल्यास मात्र उपचार आवश्यक असतात.

महाराष्ट्रातील स्थिती : तरुण स्त्रीचे अंग बाहेर आल्यास गर्भाशय न काढता वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईतील वि. ना. शिरोडकर व बी. एन्. पुरंदरे यांनी प्रचारात आणल्या आणि त्या त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात. गर्भाशय राखण्याची ही परंपरा येथे असताना अनावश्यक गर्भाशयोच्छेदनाचा प्रश्नही येथेच ठळकपणे पुढे आला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांबाबत राज्य शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१५–१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडावी लागते व कामावर खाडा झाल्यास पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतील अडचण, फडावर पाण्याची व आडोशाची सोय नसणे, पांढरे जाण्यासारख्या तक्रारी आणि ‘पिशवीला कॅन्सर होईल’ ही दाखवलेली भीती यांमुळे अनेकींनी शस्त्रक्रिया करून घेतली. ज्या कामात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढावे लागते, तेथे सहा आठवडे वजन न उचलण्याचा सल्ला पाळता येत नाही. कर्ज काढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर विश्रांती आणखी दुरापास्त होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मधील निर्णयात अनावश्यक गर्भाशयोच्छेदन रोखण्याविषयीची केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले.

दोन शतकांच्या या इतिहासात शस्त्रक्रिया निभावून नेण्याचा प्रश्न बहुतांशी सुटला. विश्रांती किती व हालचाल कधी, याचेही उत्तर मिळाले. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक होती काय, अंडकोश राखले की काढले हे त्या स्त्रीला सांगितले काय, आणि बरे होण्यास लागणारे आठवडे तिला घरी व कामावर मिळतात काय, या गोष्टींवरच आता स्वास्थ्यलाभ मुख्यतः अवलंबून आहे.