सातबाऱ्याचे रकाने

सातबारा हा महसूल खात्याचा एक कागद, एवढीच त्याची ओळख आपण धरून बसतो. खरे तर जमीन म्हणजे नेमके काय, ती कोणाची आणि कसतो कोण, याचा एकच अर्थ शेतकरी, तलाठी, मामलेदार आणि न्यायालय या सगळ्यांनी घ्यावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या खटपटीचे ते फळ आहे. या खटपटीचा इतिहास पाहिला की दोन गोष्टी ठळक दिसतात. कागदाला बळ आले ते सर्वांना पडताळता येतील अशा मोजक्या कल्पना ठरल्यामुळे. निव्वळ काटेकोर मोजणीने ते आले नसते. आणि त्याच्या हातून झालेल्या अन्यायात चुकीच्या नोंदींचा वाटा मोठा असला, तरी मुळात नसलेल्या रकान्यांचा वाटा त्याहून मोठा आहे.

काटेकोरपणा पुरत नाही, याचा दाखला पुणे जिल्ह्यातच मिळतो. पेशवाई संपल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने पाहणी केली. शेताचे उत्पन्न काढायचे, लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब होता. विलायती अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो निर्दोष होता. पण निव्वळ उत्पन्न शेतात कोणाला दिसत नव्हते, त्यामुळे आकडे खरे की खोटे हे ना कुणब्याला तपासता येई, ना वरच्या साहेबाला. खालच्या नोकरांनी त्यात हवे ते भरले, थकबाकी साचली, जमिनी पडीक राहिल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम केले आणि १८३६ पासून तिथे ३० वर्षांच्या मुदतीने साऱ्याचा आकार बांधला. उत्पन्न काढण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. माती किती खोल, रंग कसा, चुनखडी किंवा वाळू आहे का, एवढे खणून पाहायचे आणि जमिनीला नऊ प्रतींपैकी एक द्यायची. पहिली १६ आण्यांची, शेवटची २ आण्यांची. क्षेत्र मोजायला ३३ फुटांची साखळी. तिचा चौरस म्हणजे गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. बांधावर उभा असलेला शेतकरी प्रतवारीशी वाद घालू शकत होता, कारण खड्डा त्याच्या डोळ्यांसमोर खणलेला असे.

यात नवे काय, असा आक्षेप येईल. शिवकाल सांगणाऱ्या सभासदाच्या बखरीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर हे सगळे आहे. आक्षेप वजनदार आहे. मोजमापाचा विचार इंग्रजांनी आणला असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. पण कोणती थळे कोणाच्या मिरासीची, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काची, आणि बाहेरून आलेल्या उपरी कुळाने काय द्यायचे, हे ज्ञान बरेचसे कुलकर्ण्याच्या दफ्तरात आणि स्मरणात राही. बिघाही गावोगाव सारखा उरला नव्हता. सर्व्हे नंबराने जमिनीला धन्यापासून वेगळी, कायमची ओळख दिली. माणूस मेला, गाव सोडून गेला, तरी नंबर तोच राहिला.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे: हे सारे वसुलीसाठी होते. होतेच, आणि कागदाचे स्वरूपही वसुलीच्या प्रश्नानेच ठरले. एका बैलजोडीला झेपेल एवढ्या जमिनीचा नंबर, असा सर्वेक्षण अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाचा कल. त्याहून लहान वहिवाटी एका नंबरात घातल्या गेल्या. नोंद झाली ती सारा भरणाऱ्या खातेदाराची. भाऊबंदांचे हिस्से, गहाण आणि सावकाराचा कब्जा यांना तिथे जागा नव्हती. दख्खनमध्ये १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा जमिनीवर खरा ताबा कोणाचा हे सरकारच्या नोंदवहीतून कळणे कठीण होते. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला. पुढे अँडरसन या अधिकाऱ्याने गावनमुने, म्हणजे गावच्या नोंदवह्यांचे ठरावीक नमुने, बसवून दिले: सातव्यात हक्क, बाराव्यात पीक, सहाव्यात फेरफार, आठ-अ मध्ये खाते. सातवा आणि बारावा मिळून सातबारा. चारही वह्या सर्व्हे नंबर आणि खाते यांनी एकमेकींत गुंफलेल्या. मला यातला सहावा नमुना सर्वांत मोलाचा वाटतो. हक्क बदलला की संबंधितांना नोटीस, हरकतीला मुदत आणि मगच प्रमाणन, अशी त्याची रीत. नोंद बदलण्याआधी माणसाला विचारले पाहिजे, हे या नमुन्याने व्यवहारात आणले.

बाराव्या नमुन्यात कोण कसतो याचा रकाना होता. पीक नोंदवण्यापुरता धरलेला हा रकाना १९४८ च्या कुळकायद्यानंतर एकाएकी निर्णायक ठरला. कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ ला कुळाला मालक मानायचे, तर तो कूळ होता हे कागदावर दिसायला हवे. अनेक मालकांनी आधीच तिथे ‘खुद्द’, म्हणजे आपणच कसतो, असे लिहवून घेतले. हा लबाडीचा दोष, रचनेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. ते अर्धे खरे आहे. ज्या कुळाचे नाव पुसले गेले त्याला निदान मागच्या वर्षांचे उतारे काढून मामलेदारापुढे उभे राहता आले, आणि कित्येकांनी तसा लढा दिलाही. पण त्याच शेतात आयुष्यभर राबलेल्या घरच्या बाईला कसणारी म्हणून दाखवणारी एकही ओळ बहुतेक उताऱ्यांत नव्हती. हजर करायला तिच्यापाशी जुना उताराच नव्हता.