लोड ४०, आणि सीपीयू रिकामा

परवा चाकणहून परत येताना तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो. करायला काहीच नव्हतं, म्हणून पुढच्या गाड्या मोजत बसलो. मोजता मोजता लक्षात आलं की यातल्या बऱ्याच ट्रकना चौक ओलांडायचाच नाहीये. ते कुठल्याशा कंपनीच्या गेटवर नंबर लागायची वाट बघत कडेला उभे आहेत. पण लांबून रांग मोजणाऱ्याला हे कसं कळणार? आणि मला २०११ सालचा आमचा सर्व्हर आठवला.

तेव्हा मी याच पट्ट्यात, सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. १६ कोअरचा एक लिनक्स सर्व्हर आणि त्यावर लॉगिन करून काम करणारे तीस-चाळीस जण. डिझाइनवाले, सिम्युलेशनवाले, झालंच तर स्टोअर्सचे रिपोर्ट काढणारे. सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे. एका दुपारी सगळं ठप्प. साधी फाइल उघडायला दोन-दोन मिनिटं! साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी 'टॉप' चालवलं. लोड ॲव्हरेज ४०, आणि यादीत सगळ्यात वर नाव कंत्राटावर आलेल्या एका ट्रेनी पोराचं. त्याचं सिम्युलेशन ४०० टक्के सीपीयू घेत होतं.

झालं. तिथल्या तिथे जॉब मारला, आठवडाभर लॉगिन बंद. "सर, मी चारच कोअर घेतले होते," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

आता हा ४० चा आकडा म्हणजे नक्की काय, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, ही कल्पना १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस या प्रणालीत करून दाखवली. यंत्र सामाईक झालं की 'कोण किती खातंय' हा प्रश्न आलाच! १९७३ च्या ऑगस्टमधल्या आरएफसी ५४६ मध्ये टेनेक्स प्रणालीच्या यंत्रांवरचे जुलै महिन्याचे लोड ॲव्हरेज दिलेले आहेत. तेव्हा अर्थ सरळ होता: सीपीयू हवा असणारे किती, याची सरासरी. म्हणजे फक्त चौक ओलांडणाऱ्या गाड्या. पुढे १९८४ मध्ये विल्यम लफेव्र यांनी 'टॉप' लिहिलं आणि नावांची यादी डोळ्यांसमोर आली.

लिनक्समध्ये १९९३ साली मथियास उर्लिख्स यांनी एक बारीकसा बदल सुचवला. त्यांचं म्हणणं असं, की वेगवान स्वॅप डिस्क काढून संथ डिस्क लावली तर यंत्र रखडतं, पण लोडचा आकडा उलट कमी होतो. हे बरोबर नाही. म्हणून डिस्कची वाट बघत झोपलेले प्रोसेसही मोजायला सुरुवात झाली. हीच ती 'डी' अवस्था. (हा जुना ईमेल ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये शोधून काढला.) म्हणजे गेटबाहेरचे ट्रकही आता रांगेत धरले जातात. यादी मात्र नेहमी सीपीयूच्याच क्रमाने लागते. वरचा आकडा एका गोष्टीचा, खालची नावं दुसऱ्याच गोष्टीची. दोन्ही एकत्र वाचलं की चोर सोडून संन्याशाला फाशी!

रात्री घरी चैन पडेना म्हणून 'सार'ची दर दहा मिनिटांची नोंद उघडली. सीपीयू जेमतेम एक चतुर्थांश वापरात. उरलेला बहुतेक वेळ डिस्कची वाट बघण्यात. डिस्क कुणी अडवली होती? बॅकअपने. रात्री २ चा बॅकअप दुपारी १४ वाजता सुरू झाला होता. आदल्या दिवशी चाचणीसाठी क्रॉनमध्ये २ चे १४ मीच केले होते, आणि परत फिरवायला विसरलो होतो. बॅकअपचा सीपीयू वापर ३ टक्के, त्यामुळे यादीत तो पार खाली.

साहेबांना हे सांगायला मला तीन दिवस लागले. लॉगिन परत मिळालं, पण पोराचं सिम्युलेशन पहिल्यापासून. मार्चमध्ये त्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही. कारण हेच होतं असं मी म्हणू शकत नाही. नव्हतं असंही म्हणवत नाही.

गंमत बघा, २००७ च्या नोव्हेंबरमध्ये टाटांचा पुण्यातला 'एका' हा महासंगणक जगात चौथा आला होता. आणि आम्ही मात्र टॉपची पहिली ओळ बघून न्याय करत होतो! माणसागणिक मर्यादा घालता येणारे सीग्रुप्सही २००८ च्या जानेवारीत, कर्नल २.६.२४ मध्ये आलेच होते. आमचा कर्नल त्याहून जुना. कोण कशासाठी अडकलंय हे सीपीयू, मेमरी आणि डिस्क असं वेगवेगळं सांगणारं पीएसआय यायला तर २०१८ चा डिसेंबर उजाडला. ते फेसबुकच्या योहानेस वायनर यांचं काम, कर्नल ४.२० मधलं.

असो. तुमच्या ऑफिसात सामाईक सर्व्हर असेल आणि तो रखडला, तर कुणाचं नाव घेण्याआधी 'पीएस'च्या यादीत 'डी' अवस्थेतले प्रोसेस तेवढे मोजा. आणि हो, आपला स्वतःचा क्रॉनही एकदा उघडून बघा.