मामांचा पासवर्ड

दिवाळीत हट्ट्याला मामांकडे गेलो होतो. (वसमत तालुक्यातलं हट्टा, जिल्हा हिंगोली. पुण्यात दर वेळी सांगावं लागतं!) गप्पांत कळलं की मामांनी आपल्या ई-मेलचा पासवर्ड एका सेंटरवाल्या पोराला देऊन टाकलाय. त्याच्या वहीत अशा बऱ्याच जणांचे पासवर्ड ओळीनं लिहिलेले. मी डोक्याला हात लावला. मामा म्हणाले, "अरे, दर वेळी तिथं कोण बसून राहील? पोरगं चांगलं आहे."

असेलही चांगलं. पण हेच मामा जमिनीच्या कामासाठी मुखत्यारपत्र देतात, तेव्हा त्यात गट नंबर लिहितात, काय काम ते लिहितात, आणि बिनसलं तर ते रद्दही करतात. पासवर्डाला असलं काही नाही. दिला की अख्खं घर दिलं.

गंमत म्हणजे २००६-०७ साली भल्याभल्या वेबसाइट्सचंही हेच चाललं होतं. ट्विटरसाठी डेस्कटॉपवर एखादा प्रोग्रॅम घ्यायचा, तर त्याच्या हाती सरळ आपला पासवर्ड द्यायचा. म्हणजे वहीच ती! फ्लिकरनं मात्र आधीच वेगळी वाट काढली होती: प्रोग्रॅमनं ब्राउझर उघडायचा, आपण फ्लिकरच्या पानावर 'हो' म्हणायचं आणि परत प्रोग्रॅमकडे यायचं.

नोव्हेंबर २००६ मध्ये ट्विटरचा ब्लेन कुक ओपनआयडीवर काम करत होता. त्याच वेळी माग्नोलिया या बुकमार्कच्या साइटला मॅकच्या डॅशबोर्डवरच्या विजेट्सना परवानगी द्यायची होती. पण ओपनआयडीनं येणाऱ्या सभासदांकडे द्यायला त्या साइटचा पासवर्डच नव्हता! म्हणजे मूळ दुखणं डेस्कटॉपचंच. त्यातून डिसेंबर २००७ मध्ये ओऑथ १.० आलं. पासवर्डाऐवजी टोकन: ठरावीक कामापुरतं, हवं तेव्हा रद्द होणारं. थोडक्यात, मुखत्यारपत्र.

पण एक गोची राहिलीच. प्रोग्रॅमनं स्वतःची ओळख पटवायला एक गुप्त किल्ली बाळगायची होती. सर्व्हरवर ती कुलुपात राहते. डेस्कटॉपवर तीच किल्ली डाउनलोड करणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर जाते, मग कसली गुप्त? ३१ ऑगस्ट २०१० ला ट्विटरनं बाहेरच्या प्रोग्रॅम्सची पासवर्डवाली वाट बंद केली, आणि लगोलग आर्स टेक्निकाच्या रायन पॉलनं लिहिलं की ट्विटरच्या स्वतःच्याच अँड्रॉइड अ‍ॅपमधून ही किल्ली काढता येते. मार्च २०१३ मध्ये तर ट्विटरच्या अधिकृत अ‍ॅप्सच्या किल्ल्या कुणीतरी गिटहबवर टाकल्या. त्यानं कुणाचं खातं उघडत नाही, पण दुसरा कुणीही "मीच तो अधिकृत प्रोग्रॅम" म्हणून मिरवू शकतो.

मी तेव्हा शाळेत होतो, म्हणून हसायचा हक्क आहे असं वाटायचं. मग पहिल्या नोकरीत मीही हेच केलं. किल्ली उलटीसुलटी करून कोडमध्ये लपवली आणि खूष झालो. सीनियरनं चहा संपायच्या आत ती बाहेर काढली. :)

खरा उपाय किल्ली लपवण्यात नव्हताच, ती नसण्यात होता. २०१५ च्या पीकेसीईमध्ये ('पिक्सी' म्हणतात) प्रोग्रॅम दर लॉगिनला एक नवा यादृच्छिक मजकूर बनवतो. सुरुवातीला त्याचा फक्त हॅश पाठवतो. टोकन घ्यायच्या वेळी मूळ मजकूर दाखवतो. जुळला तर टोकन. मधल्या कुणी कोड पळवला तरी मजकुराशिवाय तो बिनकामाचा. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये आरएफसी ८२५२ नं स्पष्टच सांगितलं: लॉगिनचं पान प्रोग्रॅमच्या पोटातल्या खिडकीत दाखवू नका, वापरणाऱ्याचा नेहमीचा ब्राउझर उघडा. उत्तर घ्यायला प्रोग्रॅमनं त्याच मशीनवर, १२७.०.०.१ वर, कान देऊन बसावं. २०१७ मध्येच गूगलनंही पोटातल्या खिडकीतलं लॉगिन अडवायला सुरुवात केली. कारण साधं आहे: खिडकी ज्याची, त्याला आत टाईप केलेलं सगळं दिसतं.

हे सगळं मी मामांना ओट्यावर बसून सांगितलं. त्यांना मुखत्यारपत्रापर्यंत पटलं. "मग त्या पोराला एका कामापुरती चिठ्ठी देता येते का?" असं त्यांनी विचारलं. सेंटरवाल्याच्या वहीत टोकन मावत नाही हो... असो. आम्ही दोघांनी मिळून पासवर्ड बदलला.

नवा पासवर्ड मामांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय.