वॉकर कोल्ट : नुसता नंबर पुरत नाही

एका नंबराने ओळख पटत नसेल तर दोन गोष्टी जोडायच्या, हे आम्हा डेटाबेसवाल्यांना पाठ असतं. १८४७च्या वॉकर कोल्ट रिव्हॉल्व्हरची गंमत नेमकी हीच आहे बघा.

मेक्सिकोच्या युद्धासाठी अमेरिकन लष्कराने सॅम्युअल कोल्टकडे १००० नग मागवले. त्याची स्वतःची कंपनी तोवर बुडालेली, म्हणून ते एली व्हिटनी ज्युनियरच्या कारखान्यात बनले. नंबर टाकले तुकडीवार: ए, बी, सी, डी, ई. प्रत्येक तुकडीत १ पासून सुरुवात! म्हणजे '५ नंबर'चे वॉकर पाच. अक्षर पुसलं गेलं तर ओळखच संपली. बाजारासाठी बनलेल्या सुमारे १०० नगांना मात्र अक्षर नाही, त्यांचे नंबर १००१च्या पुढचे.

त्यामुळे संग्राहक चकाकी बघत नाहीत. नळी, सिलिंडर, सांगाडा यांवरचे नंबर एकमेकांशी जुळतात का, ते बघतात. कुणी हौसेने पॉलिश मारलं की कोरलेली अक्षरं झिजतात आणि किंमत कोसळते. याउलट, मूळ पेटीसकट जपलेला एक बाजारी वॉकर २०१८मध्ये लिलावात १८.४ लाख डॉलरला गेला.

असो. घरातली जुनी वस्तू घासायला घेण्याआधी तिच्यावर काय कोरलंय ते वाचा, एवढंच माझं म्हणणं.