सुरतेच्या डॉक्टरीणबाई

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ साल आठवते. माझ्या बदलीच्या हुकुमात ते नाव दिसले तेव्हा कचेरीतील स्नेह्यांनी केलेली सारी थट्टा त्या एका सालाभोवतीच फिरत होती. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८६४ च्या नोव्हेंबरात, मुंबईत एक मुलगी जन्मास आली आणि पुढे तिने आपल्या आयुष्याची वीसांहून अधिक वर्षे याच सुरतेतील बायकांच्या इस्पितळात घालविली, ही गोष्ट मात्र आम्हांपैकी कोणासच ठाऊक नव्हती. मला ती कळली तीही येथे बिऱ्हाड थाटल्यावर.

डॉ. रखमाबाई हे नाव अर्थात आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण ते ऐकलेले असते एका खटल्यामुळे. तो खटला थोडक्यात असा : अकराव्या वर्षी लग्न झाले, मुलगी आईजवळ आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढली, वाचू-लिहू लागली. नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली पत्नीने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. १८८५ त न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात प्रकरण पुन्हा खाली आले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की रखमाबाईंनी नांदावयास जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. अखेर १८८८ च्या जुलैत दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. या चार वर्षांवर कितीतरी लिहिले गेले आहे. मला त्यात भर घालावयाची नाही. एकच तारीख जाता जाता नोंदवितो. डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास वारल्या त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी. म्हणजे त्या निकालापूर्वी अवघे सहा दिवस. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झालेल्या त्या बाईंना एकही रोगी तपासावयास सवड मिळाली नाही. ते राहिलेले काम ज्या मोजक्या स्त्रियांनी पुढे केले त्यांत रखमाबाई होत.

१८८९ त त्या इंग्लंडला गेल्या. लंडनला स्त्रियांसाठी वैद्यकाची शाळा १८७४ पासून होती. परंतु इंग्लंडातील रॉयल कॉलेजे स्त्रियांना परीक्षेला बसू देत नसत. ते दार उघडण्यास पुढे १९०८ साल उजाडावे लागले. म्हणून शिक्षण लंडनात आणि परवाना मात्र स्कॉटलंडातील कॉलेजांकडून, अशी यातायात त्यांना करावी लागली. १८९४ त त्या डॉक्टर झाल्या आणि लवकरच सुरतेस रुजू झाल्या.

येथून पुढची पस्तीस वर्षे चरित्रकार सहसा दोन परिच्छेदांत आटोपतात. ते स्वाभाविकही आहे. मी स्वतः फायलींत आयुष्य काढणारा माणूस आहे. तंटा झाला की कागद तयार होतात. काम बिनबोभाट झाले तर हजेरीपटाखेरीज काही उरत नाही. पण ती वर्षे कोणती होती हे थोडे पाहावे. रक्ताचे गट असतात हे जगाला १९०१ साली कळले. सल्फाची औषधे १९३५ नंतरची. म्हणजे रखमाबाईंची सारी नोकरी अशा काळात झाली की बाळंतज्वर एकदा भिनला तर त्यावर औषध असे नव्हतेच. डॉक्टरच्या हाती काय होते? धुतलेले हात, कार्बोलिक, क्लोरोफॉर्म, चिमटे आणि शिवणकाम. या सर्वांचा उपयोग बाई वेळेवर इस्पितळात आली तरच. आणि बाई येत नसे. इस्पितळ म्हणजे मरावयाची जागा ही समजूत होती. घरच्या सुइणीने हात टेकल्यावर जी आणली जाई ती बहुधा मरेच, त्यामुळे समजूत खरी ठरे. हे दुष्टचक्र तोडणे हेच त्या काळच्या स्त्री-डॉक्टरचे मुख्य काम होते, शस्त्रक्रिया नंतरची.

ते त्यांनी कसे तोडले याविषयी एक हकीकत सांगतात. इस्पितळात बाळंतपणाला कोणी फिरकेना, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण मेंढी आणवून तिला तेथेच विऊ दिले. मेंढी जगली, पिल्लू जगले. मग माणसे येऊ लागली. हकीकत तंतोतंत अशीच घडली असेल किंवा लोकांनी तिला पॉलिश केले असेल. मला ती खरी वाटते, कारण इतका साधा विचार खटला लढवून थकलेल्या माणसालाच सुचतो. न्यायालयात युक्तिवादाने काय होते आणि काय होत नाही हे त्यांनी पाहिलेच होते.

येथे थोडे घरचे सांगण्याची परवानगी असावी. आमचे दुसरे अपत्य सुरतेस झाले. पत्नीला गुजराती फारसे येत नव्हते. मध्यरात्री इस्पितळात नेले तेव्हा परिचारिकेने विचारले, "बेन, वेण ऊपडी?" मी गोंधळलो; पण पत्नीने चटकन मान हलविली. तिची आजी बाळंतपणाच्या कळांना 'वेणा' म्हणत असे. शहरी मराठीत आम्ही विसरलेला शब्द परमुलुखात भेटला. त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मला प्रथम वाटले की मुंबईत वाढलेल्या आणि लंडनात शिकलेल्या रखमाबाईंनाही याच शब्दाने सुरुवात करावी लागली असेल. आपल्यापैकी बदलीवर असलेल्यांना तेथली भाषा भाजीवाल्यापुरती पुरते. त्यांना ती परक्या बाईच्या वेदनेपर्यंत न्यावी लागली.

१८९७ त सुरतेत प्लेग आला, शतक संपता संपता छपन्नचा दुष्काळ आला. त्या तेथेच होत्या. १९०४ साली दादाजी वारले, आणि रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. ज्या लग्नाला त्यांनी कधी लग्न मानले नाही त्याचे वैधव्य त्यांनी का पाळले? कोणी यात पराभव पाहतात, कोणी रूढीची पकड. मला इतकेच दिसते की ज्या घरांच्या माजघरांत त्यांना रोज जावे लागे, तेथे पांढऱ्या लुगड्याला कोणी काही विचारीत नसे. हा माझा तर्क. याहून वेगळे कारणही असू शकेल.

पुढे १९१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या आणि १९३० च्या आसपास निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. पडद्याची चाल नाहीशी करण्याची गरज सांगणारी एक छोटी पुस्तिका त्यांनी त्या सुमारास लिहिली. पस्तीस वर्षे पडद्याआड जाऊन आल्यावर लिहिलेली ती पुस्तिका आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत त्या वारल्या, नव्वद वर्षांच्या होऊन. नांदावयास न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात धाडण्याची तरतूद १९२३ सालीच रद्द झाली होती. त्या वारल्या त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा मंजूर झाला. दादाजींनी लावला होता त्या प्रकारचा दावा त्याच्या नवव्या कलमात अजून आहे.