पायमालीचा हिशेब : घोड-भीमेच्या दुआबातील युद्धकाळ (१८०२–१८१९)

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील न्हावरे हे गाव घोड आणि भीमा या नद्यांमधल्या पट्ट्यात वसले आहे. उत्तरेस घोड ओलांडली की नगरचा मुलूख लागतो आणि दक्षिणेस भीमा उतरली की दौंडचा. पुणे व नगर या दोन ठाण्यांच्या दरम्यान असल्यामुळे या पट्ट्याने लढाया पाहिल्या त्याहून कितीतरी अधिक फौजा नुसत्या येता-जाताना पाहिल्या, आणि रयतेला लढाईपेक्षा फौजेचा मुक्कामच जड जाई.

लढणाऱ्यांच्या मागे बाजारबुणगे, म्हणजे वाणी, मोतद्दार, हमाल, बायका-पोरे असा बिनलढाऊ जमाव चाले. तळ पडला की ‘कही’, म्हणजे वैरण व जळण आणण्यासाठी निघालेली टोळी, आसपासच्या गावांत शिरे. उभी ज्वारी कापली जाई, कडब्याच्या गंजी उचलल्या जात, घरांचे वासे सरपणासाठी उपसले जात आणि पेवे, म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीतील खड्डे, हुडकून रिकामी केली जात. फौजेच्या तुडवण्याने झालेल्या नुकसानीला ‘पायमाली’ म्हणत आणि तिचा दाखला देऊन गाव सरकारकडे साऱ्यात सूट मागे. उपद्रव न करण्याच्या बदल्यात घेतलेली रोकड ती खंडणी, तर घोड्यांच्या चाऱ्याच्या नावाने उकळलेली रक्कम तो घासदाणा. सूट मागणारा नुकसान थोडे फुगवूनच सांगणार, हे धरून चालावे लागते. तरीही युद्धकाळातील खेड्याचा खरा साक्षीदार बखरकार नसून हा जमाखर्च लिहिणारा कुळकर्णीच होय. त्याच्या कागदांत बैल, कडबा आणि पडीक बिघे सापडतात. माणसांच्या हालांसाठी मात्र ‘परागंदा’ एवढा एकच शब्द पुरेसा मानलेला दिसतो.

यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयास गेला. पुण्यातील लुटीची वर्णने पुष्कळ आहेत, परंतु शहराभोवतीच्या खेड्यांवर आलेले संकट अधिक लांबले. होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या फिरत्या टोळ्यांनी बी-बियाण्यासकट धान्य नेलेले, त्यातच १८०३ चा पाऊस दगा देऊन गेला, आणि १८०३–०४ चा दुष्काळ पडला. हा दुष्काळ निव्वळ अस्मानी नव्हता, सुलतानीने त्याची पेरणी आधीच केली होती. ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेणाऱ्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या १८०४ मधील पत्रांत नगरच्या उपासमारीचा उल्लेख येतो. धडधाकटांना काम आणि कामास असमर्थ असलेल्यांना अन्न, असे त्याचे धोरण होते. ज्या सैन्यांना पोसता पोसता मुलूख रिता झाला, त्यांतल्याच एकाच्या सेनापतीने मदतकार्य काढावे, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

पुढे शिरूरला, म्हणजेच घोडनदीला, ईस्ट इंडिया कंपनीची छावणी पडली. तेथे १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला आसपासचे गावकरी ‘सत्पुरुष’ मानून सुगीच्या दिवसांत नैवेद्य दाखवू लागले.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमाकाठच्या कोरेगावात पेशव्यांच्या मोठ्या सैन्याशी तिची गाठ पडली. रात्रभर चालून आलेल्या शिपायांना दिवसभर अन्न नव्हते, आणि नदी समोर असूनही अंधार पडेपर्यंत पाणी मिळाले नाही. या लढाईच्या स्मरणार्थ तिथे उभारलेल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, त्यांत महार शिपाई अनेक आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे दिलेल्या भेटीनंतर त्या नावांना वेगळाच अर्थ आला. ज्यांच्या घरांच्या भिंतीआडून ही लढाई झाली, त्या गावकऱ्यांविषयी मात्र लष्करी वर्णने जवळजवळ गप्प आहेत.

ही उणीव काही अंशी डॉ. थॉमस कोट्स याने भरून काढली. कोरेगावहून पुण्याच्या बाजूला असलेल्या लोणी (आजचे लोणीकंद) या गावाची त्याने पेशवाई बुडाल्यावर लगेचच पाहणी केली आणि ती १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापली गेली. कोंबडा आरवताच उठून हातपाय-तोंड धुणारा, देवाचे नाव घेऊन तंबाखूचा झुरका मारणारा, गुरे सोडून शेताकडे निघणारा आणि दुपारी बायकोने आणलेली भाकरी बांधावर खाणारा कुणबी त्यात भेटतो. वरवर पाहता युद्धाची खूणही त्याच्या दिवसात नाही. ती सापडते कर्जाच्या तपशिलात, कारण गावातील बहुतेक शेतकरी सावकाराचे देणे लागत होते. उजाड जमीन पुन्हा लागवडीस आणण्यासाठी सरकार ‘कौल’, म्हणजे अभयपत्र, देई आणि ‘इस्तावा’, म्हणजे दरसाल थोडा थोडा चढत जाणारा सारा, ठरवून देई; परंतु परतलेल्या कुळाला पहिल्या पेरणीचे बी आणि बैल घेण्यासाठी सावकाराचाच उंबरठा चढावा लागे.